‘९९.९ टक्के चालू’ म्हणजे नेमकं कोणाच्या घरी?

टीव्ही लागला नाही की आपण काय करतो? आधी रिमोटचे सेल काढून पुन्हा घालतो. मग बॉक्सचा प्लग काढून पाच मिनिटांनी परत लावतो. पावसाळा असेल तर कोणीतरी गच्चीवर जाऊन छत्री हलली आहे का ते बघून येतं. शेवटचा उपाय म्हणजे केबलवाल्याला फोन. या सगळ्या खटाटोपामागे एक गृहीतक असतं: बिघाड घरातच आहे, किंवा फार तर गल्लीच्या टोकापर्यंत.

बॉक्स इंटरनेटला जोडला की हे गृहीतक मोडतं. आता बिघाड कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरमध्ये असू शकतो, आणि तो तुम्हाला गच्चीवरून दिसत नाही. कंपनीला विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आमची सेवा ९९.९ टक्के उपलब्ध आहे.’ आज मला या आकड्याबद्दल लिहायचं आहे. त्यातही, हा आकडा जास्त प्रामाणिक करण्यासाठी लिहिल्या गेलेल्या एका शोधनिबंधाबद्दल. निबंध गूगलमधल्या संशोधकांचा आहे, नाव ‘मीनिंगफुल अव्हेलेबिलिटी’, आणि तो २०२० साली एनएसडीआय या परिषदेत आला. मी माझ्या कामात तो वापरते, आणि तो चांगला आहे असंच माझं मत आहे. पण टीव्हीच्या बॉक्सला लावला की तो एका ठिकाणी कमी पडतो. ते ठिकाण कोणतं, हे समजून घेण्यासाठी थोडी पूर्वतयारी करू.

जुना बॉक्स कोणाला विचारत नव्हता

मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला त्याची मुदत होती ३१ ऑक्टोबर २०१२. त्या काळात घराघरांत लागलेले बहुतेक बॉक्स, आणि त्याआधीपासूनचे डीटीएचचे बॉक्स, एका अर्थाने फक्त ऐकणारे होते. उपग्रहावरून किंवा केबलमधून सगळी चॅनेल्स सगळ्यांना येतात. बॉक्स त्यातलं हवं ते निवडतो आणि त्याचं कुलूप उघडतो. तुम्ही पैसे भरले आहेत, म्हणून कुलूप उघडायला हरकत नाही, हा निरोपसुद्धा त्याच सिग्नलमधून येतो. मुसळधार पावसात चित्र फाटतं, कारण डीटीएच ज्या लहरी वापरतं त्या पावसाच्या थेंबांमुळे क्षीण होतात. पण ‘मी हे चॅनेल दाखवू का?’ असं विचारायला बॉक्स कुठे जात नाही. म्हणूनच एक घर बघत असो की एक कोटी घरं, उपग्रहावरचा बोजा तेवढाच राहतो.

इंटरनेटचा बॉक्स मात्र सतत विचारत असतो. चालू केल्याबरोबर काय काय होतं बघा. सर्व्हरचा पत्ता शोधायला तो डीएनएसकडे जातो. घड्याळ लावून घेतो. समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे प्रमाणपत्रावरून तपासतो. तुमचं खातं चालू आहे का ते विचारतो. पहिल्या पानावर काय दाखवायचं याची यादी मागवतो. तुम्ही काही निवडलंत की ते बघायचा परवाना मागतो. मग व्हिडिओचे तुकडे मागवायला लागतो, आणि मध्ये जाहिरात असेल तर ती दुसऱ्याच ठिकाणाहून आणतो. आठ कामं झाली. प्रत्येकामागे वेगळी यंत्रणा, आणि पुष्कळदा वेगळी कंपनी.

नऊ-नऊचा हिशोब

आता आकडे. वर्षात ८,७६० तास असतात. ९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षातले ८७.६ तास बंद. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं. एक नऊ वाढवला की बंदचा काळ दहा पटींनी कमी होतो, म्हणून आमच्या क्षेत्रात ‘किती नऊ?’ असंच विचारतात.

पण वरच्या आठही यंत्रणा ९९.९ टक्के चालू असल्या, आणि टीव्ही दिसायला आठही लागत असतील, तर? बिघाड एकमेकांशी संबंधित नाहीत असं धरलं तर ०.९९९ ला स्वतःशीच गुणत आठव्या घातापर्यंत न्यायचं. उत्तर येतं साधारण ९९.२ टक्के. म्हणजे वर्षाला जवळजवळ ७० तास. आठही कंपन्या आपापल्या जागी खरं बोलत आहेत, आणि तुमच्या घरी मात्र पावणेनऊच्या जागी ७० तास पडदा काळा. आकड्याबद्दलची ही पहिली तक्रार, आणि ती जुनी आहे. साखळीचा भरवसा कड्यांच्या भरवशापेक्षा नेहमीच कमी असतो.

दुसरी तक्रार सरासरीची आहे. त्यासाठी मुंबईतल्या त्या मुदतीनंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेत जे झालं ते बघू.

२४ डिसेंबर २०१२

नाताळची आदली संध्याकाळ. अमेरिकेत घरोघरी पाहुणे जमलेले, आणि नेटफ्लिक्स टीव्हीवर लागेना. नेटफ्लिक्सची यंत्रणा ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालते. तिथे येणाऱ्या विनंत्या वेगवेगळ्या सर्व्हरवर वाटून देणारे ‘लोड बॅलन्सर’ असतात. आपल्याकडे देवळाच्या रांगेत उभा राहून लोकांना वेगवेगळ्या दारांकडे वळवणारा स्वयंसेवक असतो, तसं त्यांचं काम. त्या दिवशी दुपारी, पॅसिफिक वेळेनुसार १२ वाजून २४ मिनिटांनी, ॲमेझॉनच्या एका डेव्हलपरकडून देखभालीची एक प्रक्रिया चुकून चालू यंत्रणेवर चालवली गेली आणि या लोड बॅलन्सरांच्या नोंदींचा काही भाग पुसला गेला. सगळं पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

ॲमेझॉनने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक आकडा आहे: ऐन भरात असतानाही त्या विभागातल्या ६.८ टक्के लोड बॅलन्सरांवरच परिणाम झाला होता. वाचायला फार वाटत नाही. पण नेटफ्लिक्सच्या रचनेत एकसारख्या उपकरणांचे गट ठरावीक लोड बॅलन्सरांवर अवलंबून होते. त्यामुळे झालं असं, की संगणकावर ब्राउझरमधून बघणाऱ्यांना विशेष काही जाणवलं नाही, आणि टीव्हीला जोडलेली उपकरणं आडवी झाली. ज्याच्या घरी फक्त टीव्हीचा बॉक्स होता, त्याच्यासाठी तो आकडा ६.८ नव्हता, पूर्ण शंभर होता.

सरासरीत हे दिसत नाही. ‘कोणासाठी बंद?’ आणि ‘किती वेळ सलग बंद?’ हे दोन्ही प्रश्न सरासरी गिळून टाकते. गूगलचा निबंध नेमक्या याच दोन प्रश्नांना हात घालतो.

निबंध काय सांगतो

उपलब्धता मोजायच्या दोन रूढ पद्धती आहेत. पहिली घड्याळाची: एकूण वेळापैकी सेवा किती वेळ चालू होती? अडचण अशी की मोठी सेवा कधीच पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद नसते. कुठे ना कुठे काहीतरी बिघडलेलंच असतं, मग ‘बंद’ कशाला म्हणायचं हे कोणीतरी हाताने ठरवावं लागतं. दुसरी पद्धत मोजणीची: आलेल्या विनंत्यांपैकी किती यशस्वी झाल्या? इथे सतत वापरणारे लोक आकडा आपल्याकडे ओढतात. शिवाय बिघाडाच्या वेळी विनंत्यांची संख्याच बदलते. एखादा बॉक्स दर सेकंदाला पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि अपयश फुगतं. एखादा माणूस कंटाळून उठून जातो आणि अपयश आटतं.

निबंधाचा उपाय असा, की प्रत्येक वापरणाऱ्याचा वेळ वेगळा मोजा. तुमची शेवटची विनंती यशस्वी झाली असेल तर पुढच्या विनंतीपर्यंतचा वेळ ‘चालू’. शेवटची फसली असेल तर तो वेळ ‘बंद’. मग सगळ्यांच्या वेळांची बेरीज करा. आता जास्त विचारणारा आणि कमी विचारणारा यांच्यातला भेद बराच मिटतो.

दुसरी कल्पना खिडकीची आहे, आणि ती मला फार आवडते. समजा दोन सेवा आहेत, दोन्ही ३० दिवसांत ९९.९ टक्के चालू. म्हणजे दोन्हींचा बंदचा वेळ ४३ मिनिटं आणि थोडे सेकंद. पहिली रोज दीड मिनिटाहून थोडी कमी अडखळते. दुसरी महिनाभर नीट चालते आणि एका संध्याकाळी सलग ४३ मिनिटं बंद पडते. महिन्याचा आकडा दोघींना सारखेच गुण देतो. निबंध म्हणतो, एक मिनिट, एक तास, एक दिवस, एक आठवडा अशा प्रत्येक लांबीची खिडकी घ्या, ती महिनाभर सरकवत न्या, आणि सर्वांत वाईट निघालेली खिडकी सांगा. एक तासाच्या खिडकीत पहिल्या सेवेचा सर्वांत वाईट आकडा येतो साधारण ९७.६ टक्के. दुसरीचा? अवघे २८ टक्के. सामन्याच्या शेवटच्या षटकांत टीव्ही गेलेल्या माणसाला जे कळतं, ते इथे प्रथमच आकड्यात उतरतं.

मग कमी कुठे पडतो?

आता टीका. वर मी लिहिलं की ‘शेवटची विनंती फसली असेल तर पुढच्या विनंतीपर्यंतचा वेळ बंद धरा.’ पण पुढची विनंती आलीच नाही तर? माणूस झोपला असेल, गावाला गेला असेल. म्हणून निबंध एक मर्यादा घालतो. जीमेलसाठी त्यांनी ती ३० मिनिटं ठेवली. तेवढ्या वेळात काही हालचाल नसेल, तर तो वापरणारा ‘निष्क्रिय’ धरला जातो. त्यापुढचा वेळ ना चालूमध्ये, ना बंदमध्ये. तो हिशोबातून गळतो.

ईमेलला हे चालून जातं. ईमेल पोचलं नाही तर माणूस पुन्हा पुन्हा बघतो, कारण काम अडलेलं असतं. टीव्हीचं तसं नाही. टीव्ही लागला नाही तर लोक दोन-तीनदा बटणं दाबतात, प्लग काढून लावतात आणि सोडून देतात. टीव्हीच्या बाबतीत बिघाडाची खूण म्हणजे शांतता, आणि हे मोजमाप शांततेला निष्क्रियता समजतं. बिघाड जितका मोठा, तितके लोक लवकर कंटाळतात, आणि तितका तो आकड्यात लहान दिसतो.

हे मला निबंध वाचून कळलं नाही. माझ्या मोजणीसाठी ओळखीच्या काही घरांत मी बॉक्सशेजारी एक छोटं यंत्र लावलं होतं. बॉक्स काय विचारतो आणि उत्तर येतं का, एवढंच ते टिपायचं. त्यात माझ्या आजीचं घर होतं. एका आठवड्यात सगळ्यांत चांगला आकडा तिच्या घरचा आला, जवळजवळ शंभर टक्के. खुशीत फोन केला तर म्हणाली, “अगं, तो चार दिवस लागतच नाहीये. काहीतरी इंग्रजीत लिहून येतं. मी प्लगच काढून ठेवलाय, उगीच वीज जाते.” माझ्या नोंदीत पहिल्या संध्याकाळच्या चार फसलेल्या विनंत्या होत्या, त्यानंतर अर्धा तास ‘बंद’, आणि मग काही नाही. तो अर्धा तास मी ‘चाचणीतला गोंधळ’ म्हणून आधीच गाळून टाकला होता. आकडा चांगला आला होता, कारण आजीने आशा सोडली होती.

मी आजीला चार दिवस ‘निष्क्रिय’ म्हटलं होतं. ती संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्ही बघते. घरात दुसरा आवाज नसतो.

सर्व्हर ठीक, बॉक्सही ठीक, तरी बंद

याहून टोकाचं उदाहरण ९ मार्च २०२५ चं आहे. दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीच्या मागे लावायचं गूगलचं छोटं उपकरण, जगभर एकाएकी चालेनासे झाले. व्हिडिओचे सर्व्हर चालू होते. उपकरणातही काही जळलं नव्हतं. ही पिढी २०१५ मध्ये बाजारात आली. तिची ओळख पटवून देणाऱ्या प्रमाणपत्रांच्या साखळीत एक प्रमाणपत्र दहा वर्षांच्या मुदतीचं होतं, आणि ती मुदत त्या दिवशी संपली. फोनवरचं ॲप उपकरणाला म्हणू लागलं, ‘तुझ्यावर विश्वास ठेवता येत नाही.’ गोष्ट तिथेच थांबली. व्हिडिओची विनंती सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही.

सर्व्हरच्या बाजूने मोजलं तर त्या दिवशी एकही विनंती फसली नाही, कारण फसायला ती आलीच नाही. त्यात आपल्या सवयीने घात केला. अनेकांनी उपकरण फॅक्टरी रीसेट केलं, आणि मग ते पुन्हा जोडताच येईना. शेवटी ‘रीसेट करू नका’ असं कंपनीला सांगावं लागलं. काही दिवसांनी दुरुस्ती आली. पण रीसेट करून बघणं या आपल्या नेहमीच्या औषधानेच रोग वाढला, हे विसरण्यासारखं नाही.

आणि दुरुस्ती कधीच आली नाही तर? १९९६ मध्ये अमेरिकेत वेबटीव्ही नावाचा बॉक्स आला. टीव्ही आणि टेलिफोनची तार जोडून इंटरनेट बघायचं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली, नंतर सेवेचं नाव एमएसएन टीव्ही झालं, आणि ३० सप्टेंबर २०१३ रोजी ती बंद झाली. बॉक्स धडधाकट होते, पण ज्या सर्व्हरशी ते बोलायचे तेच उरले नाहीत. त्या दिवसानंतरची उपलब्धता शून्य टक्के, आणि ती कुठल्याच तक्त्यात नाही, कारण सेवा संपली की मोजणीही संपते.

लेखकांची बाजू

टीका करताना न्याय करायला हवा. निबंधाचे लेखक ईमेल, कागदपत्रं अशा सेवांबद्दल बोलत होते आणि मर्यादा का घातली हे त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय शांतता मोजणं सोपं नाही. आजी गावाला गेली आहे की तिचा टीव्ही बिघडला आहे, हे कंपनीला कळायचं असेल, तर आजी रोज कधी टीव्ही बघते हे कंपनीला माहीत हवं. आकडा प्रामाणिक करण्याच्या नादात घरात पाळत बसवायची का? हा आक्षेप मला खरा वाटतो.

माझं म्हणणं असं, की हिशोब बॉक्सनेच ठेवावा. ‘चालू केलं, पण चित्र आलं नाही’ अशी मिनिटं त्याने स्वतःच्या स्मृतीत मोजावीत, आणि पुन्हा जोडणी झाली की फक्त ती बेरीज पाठवावी. काय बघत होतात, कधी बघत होतात, हे सांगायची गरज नाही. जे बॉक्स कधीच परत बोलले नाहीत त्यांची संख्या वेगळी छापावी. त्यातले काही खरोखर अडगळीत गेलेले असतील. असू देत. निष्क्रिय म्हणून पुसून टाकण्यापेक्षा ‘माहीत नाही’ असा रकाना असलेला बरा.

दुसरी गोष्ट मोजण्याची नाही, बांधण्याची आहे. मघाच्या आठ यंत्रणांपैकी चित्र दिसायला खरोखर किती लागतात? शिफारशींची यादी आली नाही तर कालची दाखवता येते. जाहिरात आली नाही तर पुढे जाता येतं. हॉटस्टारच्या अभियंत्यांनी २०१९ च्या विश्वचषकानंतर हे जाहीरपणे सांगितलं आहे. भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्यात एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक होते. धोनी बाद झाल्यावर लोक सामन्यातून बाहेर पडले, म्हणजे एकदम पहिल्या पानावर आले, आणि बोजा व्हिडिओवरून त्या पानावर सरकला. अशा वेळेसाठी त्यांनी शिफारशींसारख्या दुय्यम सेवा बंद करून मुख्य रस्ता मोकळा ठेवायची सोय केली होती. आठापैकी पाच गोष्टींवाचून बॉक्सचं अडत नसेल, तर गुणाकार तीन यंत्रणांचाच उरतो, आणि वर्षाचे ७० तास २६ वर येतात. एकही नवा सर्व्हर न घेता.

म्हणून ‘किती नऊ?’ हा प्रश्न मी आता दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे. पहिला प्रश्न असा: सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर हा बॉक्स काय करतो? आणि कोणत्या तारखेपर्यंत तो चालेल याची हमी कोण देतो? खोक्यावर व्होल्टेज छापतात, तसं हेही छापायला हवं.

माझ्या मोजणीतला तो आठवडा मी पुन्हा मोजला. मर्यादा काढून टाकली, आजीच्या नेहमीच्या वेळा तिलाच विचारून घेतल्या. सातपैकी चार संध्याकाळी बंद. जवळजवळ शंभरावरून आकडा ४३ टक्क्यांवर आला. प्रबंधात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी जातील.

तुम्हीही एक प्रयोग करून बघा. एखाद्या निवांत दुपारी घरातलं वाय-फाय बंद करा आणि बॉक्स चालू करा. काय चालतं, काय अडतं, आणि पडद्यावर येणारा निरोप घरातल्या सगळ्यांना वाचता येतो का, ते लिहून ठेवा. मलाही कळवा. रीसेट मात्र करू नका.